काचेखाली बटण नसतंच

फोनच्या पडद्यावर ‘पुढे’ असं लिहिलेलं निळं बटण दिसतं. तुम्ही ते दाबता. आता सांगा, तुम्ही नेमकं दाबलं काय?

काच! काचेखाली बटण वगैरे काही नाही. काही हजार ठिपके निळे झालेले आहेत, एवढंच. बोट टेकलं की काचेखालच्या बारीक विद्युत जाळीवरचा भार किंचित बदलतो. त्यावरून फोन बोटाची जागा ठरवतो. मग एक प्रोग्रॅम पाहतो की ही जागा निळ्या चौकोनाच्या आत आहे की बाहेर. आत असेल, तर बटण ‘दाबलं गेलं’. म्हणजे बटण हा तुम्ही आणि फोनने मिळून करून घेतलेला समज आहे. हे एकदा ध्यानात आलं की मोबाइलच्या जगातलं एक जुनं कोडं सुटायला लागतं.

कोडं समजून घ्यायला यावलला जाऊ. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला वसलेला हा तालुका. यावल-रावेर पट्टा म्हणजे केळीचं आगर. समजा, इथल्या एका मुलीला केळीच्या भावाचं अ‍ॅप बनवायचंय. नवती, पिलबाग, कांदेबाग हे इथल्या केळीबागांचे प्रकार. नवतीचा आजचा भाव काय, पिलबागेचा काय, कांदेबागेचा काय, आपला माल किती क्विंटल आणि हातात किती पडणार, एवढं त्यात दिसलं पाहिजे. शिवाय बागेत रेंज नसली तरी ते चाललं पाहिजे.

पहिल्याच दिवशी अडचण उभी. गावात बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन, पण पुण्याला नोकरी करणारा भाऊ आयफोनवाला, आणि बागेचा हिशेब त्यालाही बघायचाय. अँड्रॉइडचं अ‍ॅप लिहितात कोटलिन किंवा जावा भाषेत, आयफोनचं स्विफ्टमध्ये. म्हणजे ‘क्विंटल गुणिले भाव’ हा साधा हिशेबसुद्धा दोनदा लिहायचा. पडदे दोनदा मांडायचे. चूक सापडली की दोन ठिकाणी दुरुस्त करायची, आणि एका ठिकाणी विसरायची! मोठ्या कंपन्या दोन वेगळ्या टीम ठेवून निभावतात. एकटीने काय करायचं?

‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ ही घोषणा तशी जुनी. नव्वदीच्या दशकात जावा भाषा तीच घेऊन आली. प्रोग्रॅमर मंडळी लगेच म्हणायला लागली, ‘एकदा लिहा, सगळीकडे दुरुस्त करत बसा’. मोबाइल आले तेव्हा फोनगॅपसारख्या साधनांनी वेबपानालाच अ‍ॅपचा वेष चढवला. काम व्हायचं, पण पान सरकवताना अडखळायचं. २०१५मध्ये फेसबुकने ‘रिअ‍ॅक्ट नेटिव्ह’ खुलं केलं. त्यात तुम्ही एकदाच लिहायचं आणि ते साधन त्या त्या फोनकडून त्याचीच बटणं, त्याच्याच याद्या मागवून घेणार. युक्ती उत्तम, आजही असंख्य अ‍ॅप्स अशीच चालतात. पण दोन फोनांची बटणं मुळात वेगळी असल्याने कुठेतरी थोडा फरक शिल्लक राहतोच.

मग गूगलमधल्या काही जणांनी उलटा विचार केला. फोनकडे बटण मागायचंच कशाला? बटण म्हणजे शेवटी ठिपकेच ना? मग फोनकडून फक्त एक कोरा पडदा घ्यायचा, बोट कुठे टेकलं एवढी खबर घ्यायची, आणि बाकी प्रत्येक रेघ, प्रत्येक अक्षर, प्रत्येक सावली आपणच काढायची! व्हिडिओ गेम बनवणारे हे वर्षानुवर्षं करत होते. साध्या हिशेबाच्या अ‍ॅपसाठी कोणी एवढा खटाटोप करेल असं मात्र फारसं कुणाला वाटलं नव्हतं. त्या साधनाचं नाव फ्लटर. त्यात बनवलेल्या अ‍ॅपमध्ये आयफोनवर जो अगदी अ‍ॅपलच्या घाटाचा गोलसर हिरवा खटका दिसतो ना, तो अ‍ॅपलचा नसतोच. ते त्याचं हुबेहूब चित्र असतं. तुम्ही चित्रावर बोट ठेवता आणि चित्र सरकतं.

याची जन्मकथाही मजेदार आहे. क्रोम ब्राउझरवर काम केलेल्या मंडळींना प्रश्न पडला होता की ब्राउझरवरचं जुनं ओझं उतरवत गेलं, तर तो किती जोरात पळेल? एचटीएमएल-५चं मानक ज्यांनी संपादित केलं ते इयन हिक्सन या मंडळींत होते. म्हणजे वेबचे नियम लिहिणारा माणूसच ते नियम बाजूला ठेवून बघत होता! काढता काढता उरलं ते इतकं चपळ निघालं की त्याचंच नवं साधन झालं. २०१५मध्ये ते ‘स्काय’ नावाने लोकांसमोर आलं आणि ४ डिसेंबर २०१८ला फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती निघाली.

आणि त्याची भाषा? डार्ट. ही तर हरलेली भाषा! २०११मध्ये डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात ती जाहीर झाली, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची जागा घ्यायला. जागा काही मिळाली नाही. २०१५मध्ये खुद्द गूगलनेच तिला क्रोममध्ये बसवायचा बेत सोडला. नेमकी तीच भाषा फ्लटरच्या लोकांना हवी तशी सापडली. आज बाजारात केळी घेताना ज्या गूगल पेने तुम्ही पैसे देता, ते अ‍ॅप फ्लटरमध्ये नव्याने लिहिलेलं आहे. आधी दोन फोनांसाठी मिळून सुमारे १७ लाख ओळींचा कोड होता. नव्याने लिहिल्यावर तो ११ लाखांवर आला.

आता ‘सगळं स्वतः काढायचं’ म्हणजे किती काढायचं, ते बघा. साध्या फोनचा पडदा १०८० गुणिले २४०० ठिपक्यांचा, म्हणजे जवळजवळ २६ लाख ठिपके. तुम्ही भावांची यादी बोटाने सरकवता तेव्हा हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावं लागतं. हिशेब केला तर सेकंदाला साडेपंधरा कोटी ठिपक्यांचे रंग! एका चित्राला वेळ मिळतो जेमतेम १६ मिलिसेकंद. डोळ्याची उघडझाप व्हायलाही याच्या कित्येक पट वेळ लागतो. एवढ्यात पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीचं माप ठरवायचं, जागा ठरवायची आणि रंग भरायचा.

हे जमतं एका साध्या शिस्तीमुळे. पडद्यावरची प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी आत असते. पानात यादी, यादीत ओळ, ओळीत भाव. वरचा खालच्याला मर्यादा सांगतो की ‘यापेक्षा रुंद होऊ नकोस’. खालचा त्या मर्यादेत आपलं माप ठरवून वर कळवतो. मग त्याला कुठे बसवायचं ते वरचा ठरवतो. एक फेरी खाली, एक फेरी वर, मांडणी तयार! पुन्हा विचारणं नाही, वाद नाही. त्यात आणखी शहाणपण असं की काही बदललंच नसेल तर नवं चित्र काढलंच जात नाही. फक्त पिलबागेचा भाव बदलला तर मांडणीचा हिशेब तेवढ्याच भागाचा पुन्हा होतो.

आणि अ‍ॅप घडत असताना काय होतं? इथे तर मला आजही जादू वाटते. आपली मुलगी अ‍ॅप चालवून तिसऱ्या पडद्यावर पोचली आहे. साडेबारा क्विंटल आकडा भरलाय. तिला वाटतं, भाव जरा मोठ्या अक्षरात हवा. ती कोडमधला एक आकडा बदलते, सेव्ह करते, आणि सेकंदभरात फोनवरचा भाव मोठा होतो. अ‍ॅप बंद पडून पुन्हा सुरू होत नाही. भरलेले साडेबारा क्विंटल तिथेच, तसेच!

हे कसं? चालू प्रोग्रॅमच्या पोटात दोन गोष्टी असतात, एक म्हणजे काय करायचं याच्या सूचना, दुसरी म्हणजे आत्ता हाताशी असलेली माहिती. या सोयीला ‘हॉट रीलोड’ म्हणतात. तीत बदललेल्या सूचना तेवढ्या अलगद पालटल्या जातात, माहितीला धक्का लागत नाही, आणि मग पडदा नव्या सूचनांनी पुन्हा काढला जातो. हे जमावं म्हणून डार्ट दोन रूपांत वावरते. घडवताना ती चालता चालता भाषांतर करून घेते, म्हणून लवचीक. अ‍ॅप लोकांच्या हाती द्यायच्या वेळी मात्र सगळं आधीच थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवून टाकते, म्हणून वेगवान. भाषा तीच, पण सोय दोघांची, बनवणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची.

इथवर आलं की वाटतं, झालं अ‍ॅप. पण खरी करमणूक आता सुरू होते. इतक्या फोनांवर, इतक्या हातांत हे चालेल याची खात्री कशी करायची? यावलच्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. टिश्यू कल्चरची रोपं एकाच मातृवृक्षापासून प्रयोगशाळेत वाढवलेली, एकमेकांची हुबेहूब प्रत. तरी एका शिवारात घड भरगच्च येतो, दुसऱ्यात लहान राहतो. रोप एक असलं तरी जमीन, पाणी, हवा वेगळी. तसा कोड एकच असला तरी फोन हजार तऱ्हेचे. म्हणून ‘एकदा लिहा’ याला जितकं डोकं लागतं, तितकंच किंवा जास्त ‘सगळीकडे तपासा’ याला लागतं.

सर्वांत छोटी तपासणी हिशेबाची. साडेबारा क्विंटल, भाव १,८००, उत्तर २२,५०० यायला हवं. यात काय तपासायचं, असं वाटेल. पण फोनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. उत्तर ०.३ येत नाही! ०.३च्या पुढे पंधरा शून्यं आणि मग एक ४ येतो. फोन चुकतोय का? नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश कधी पुरा लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं. संगणकाच्या द्विमान पद्धतीत हीच गत एक दशांशाची होते. म्हणून जाणते प्रोग्रॅमर पैसे रुपयांत ठेवतच नाहीत. सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकांत करायचा आणि दाखवताना तेवढे रुपये करायचे. असा नियम एकदा टेस्टमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, लिहून ठेवला की पुढे कोणी कोडला हात लावला, तरी चूक झाल्याबरोबर टेस्ट लाल होऊन ओरडते.

दुसरी तपासणी पडद्याची, आणि तिच्यासाठी फोन लागतच नाही. संगणकाच्या स्मृतीत ८०० गुणिले ६०० मापाचा काल्पनिक पडदा उभा राहतो, काल्पनिक बोट त्यावर टेकतं, आणि टेस्ट विचारते, ‘एकूण रक्कम दिसली का?’ अशा शेकडो टेस्ट चहा उकळेपर्यंत होऊन जातात. आणि काळ? तोही खोटा. दर अर्ध्या तासाने अ‍ॅपने आपणहून नवा भाव शोधावा असं ठरलंय. मग टेस्ट अर्धा तास वाट बघते का? छे! ती घड्याळाला सांगते, ‘अर्धा तास झाला असं समज’, आणि टायमर वाजतो. भाव पाठवणारा सर्व्हरही खोटा उभा करता येतो, उशिरा उत्तर देणारा, भलतंच उत्तर देणारा, अजिबात न देणारा. बागेत रेंज जाण्याची वाट कशाला बघायची? टेबलावर बसून हवी तेव्हा घालवा.

या काल्पनिक पडद्यावर अक्षरं मात्र दिसतात विचित्र, प्रत्येकाच्या जागी एक चौकोन. हे मुद्दाम केलेलं आहे. प्रत्येक संगणकावरचे फाँट वेगळे, अक्षरांची रुंदी वेगळी. मग एकाकडे पास झालेली टेस्ट दुसऱ्याकडे नापास व्हायची. म्हणून तपासणीपुरता सर्वांना एकच फाँट, त्यात प्रत्येक अक्षर ठरावीक मापाचा चौकोन. इंग्रजीचं यात भागतं. पण मराठीत खरी कसोटी अक्षरांच्या आकारातच असते!

‘क्विंटल’ हाच शब्द घ्या. कागदावर तीन अक्षरं. फोनच्या स्मृतीत मात्र सात खुणा: क, हलन्त, व, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ट, ल. वेलांटी स्मृतीत ‘व’नंतर येते, पण पडद्यावर ती ‘क’च्याही आधी काढायची. आता यावल तालुक्यातल्या ‘डांभुर्णी’ गावाचं नाव घ्या. तीन अक्षरं, खुणा नऊ. यात ‘र’ स्मृतीत ‘ण’च्या आधी उभा आहे, पण काढायचा रफार म्हणून, थेट वेलांटीपाशी जाऊन डोक्यावर. एक खूण डावीकडे पळते, दुसरी उजवीकडे! ही सगळी पळापळ ‘हार्फबझ’ नावाचं एक खुलं साधन क्षणार्धात सांभाळतं. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठी जोडाक्षरं फुटलेली दिसायची, आठवतं? फ्लटर हे साधन आपल्यासोबतच बाळगतं, त्यामुळे दोन्ही फोनांवर अक्षरं जुळतात ती एकाच नियमाने.

बरं, ‘क्विं’ हे एक अक्षर की दोन? तुम्ही म्हणाल, एकच की! पण युनिकोडच्या नियमांत ते हलन्तापाशी तुटायचं, एकाची दोन धरली जायची. देवनागरीतलं जोडाक्षर हे एकच एकक मानायचं, असा नियम आला तो २०२३ साली, युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत. ज्या अ‍ॅपने जुना नियम धरून नाव मध्येच कापलं, त्यात जोडाक्षराचे दोन तुकडे पडणार. म्हणून आपल्या मुलीची एक टेस्ट ‘डांभुर्णी’ हे नाव बारीक जागेत बसवून बघणारी हवीच.

आणि दुसरी चित्राची. अँड्रॉइडवरचा देवनागरी फाँट वेगळा, आयफोनवरचा वेगळा. ती मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने बनवलेला, कुणालाही फुकट वापरता येणारा ‘मुक्ता’ फाँट अ‍ॅपमध्येच बांधून देते. मग खऱ्या अक्षरांसह पडद्याचं चित्र एकदा जपून ठेवायचं. पुढे प्रत्येक बदलानंतर नवं चित्र काढून जुन्याशी ठिपक्याला ठिपका लावून ताडून बघायचं. रोमन लिपीच्या मापाने ओळीची उंची ठरवली की ‘र्णी’चा रफार वरून छाटला जातो, ‘भु’चा उकार खालून. माणसाच्या नजरेतून ते सुटेल, या तुलनेतून सुटत नाही.

आता टेबलावरून बागेत या. कापणीच्या वेळी केळीचा चीक बोटांना लागलेला असतो, अंगठ्याच्या टोकाने बटण गाठायचं असतं. म्हणून बटण किती मोठं हवं याचं माप ठरलेलं आहे. अँड्रॉइडची शिफारस आहे ४८ एककं, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. फ्लटरमध्ये एक टेस्ट सगळा पडदा चाळून यापेक्षा लहान बटण पकडून देते. दुसरी टेस्ट अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर मोजते. साध्या अक्षरांसाठी ते किमान साडेचारास एक हवं. फिकट राखाडी अक्षरं एसीच्या खोलीत देखणी दिसतात, पण दुपारच्या उन्हात दिसतच नाहीत.

ऊन म्हटलं की आठवलं. आयफोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असं अ‍ॅपल सांगतं. खानदेशातला मे महिना ४४-४५ अंशांचा! फोन तापला की तो स्वतःला वाचवायला पडदा मंद करतो, प्रोसेसरचा वेग कमी करतो. मग १६ मिलिसेकंदांत होणारं चित्र वेळेत होत नाही आणि यादी अडखळते. ही तपासणी कुठलाही काल्पनिक पडदा करू शकत नाही. तिला फोन लागतो, आणि बांधावर उभं राहायची तयारी.

शेवटचा एक गमतीचा अडसर राहतो. कोड एकच असला तरी आयफोनसाठीचं अ‍ॅप बांधायला अ‍ॅपलचा संगणकच लागतो. तो नसेल तर? इंटरनेटवर भाड्याने मिळतो! मुलगी यावलमधून कोड पाठवते आणि दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमधला मॅक तिचं अ‍ॅप बांधून देतो. अशाच ठिकाणी खरे फोन ओळीने जोडून ठेवलेले असतात. त्यांच्यावर तिची टेस्ट आपणहून चालते आणि पडद्याचा व्हिडिओ तिला परत येतो. जो फोन तिने कधी हातात धरला नाही, त्यावर ‘नवती’ निवडली गेलेली तिला दिसते.

फ्लटर फुकट आहे आणि त्याचा सगळा कोड खुला आहे. गूगल पे लिहिणाऱ्यांच्या हातात जे हत्यार, तेच फैजपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या संगणकावर आज दुपारी उतरवता येतं. मग उरतं काय? काय तपासायचं ते ठरवणं. पिलबागेचा भाव नवतीच्या खान्यात गेला तर शेतकऱ्याचं किती नुकसान होईल? भाव आज लागलाच नाही, तर कालचा दाखवावा की रकाना कोरा ठेवावा? घाईत कोणी १२५ क्विंटलऐवजी १,२५० लिहिले, तर अ‍ॅपने हटकायचं की गप्प बसायचं? या प्रश्नांची उत्तरं कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही इंजिनिअरला माहीत नाहीत. यावलच्या कुठल्याही केळीवाल्या काकांना विचारा, तोंडपाठ सांगतील. तेव्हा मुलीने लॅपटॉप उघडण्याआधी वही घेऊन त्यांच्याकडे जावं. तिच्या सगळ्यात चांगल्या टेस्ट तिथेच लिहून होतील.